एवढ्याने काय होते?



राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आपण प्रायश्चित्तकाळात पाऊल ठेवले. या काळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभा दरवर्षी आपल्याला अरण्यात घेऊन जाते. तेथे चाळीस दिवसांचा उपवास घडलेला, भुकेला येशू आहे आणि त्याच्यासमोर सैतान उभा आहे. संत मत्तयने सांगितलेल्या तीन परीक्षांपैकी पहिली परीक्षा नीट पाहा. सैतान येशूला चोरी करायला सांगत नाही की कुणाचा जीव घ्यायला सांगत नाही. पोटात भूक आहे, समोर दगड आहेत, त्यांच्या भाकरी कर, एवढेच त्याचे म्हणणे. भुकेल्याने भाकर खाणे हे काय पाप झाले? पण हाच सैतान तिसऱ्या परीक्षेत सरळ आपल्या पाया पडायला सांगतो. भाकरीपासून सुरुवात आणि सैतानाच्या पायाशी शेवट, अशी ती वाट आहे. येशूने पहिल्याच पायरीवर नकार दिला.

आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे ख्रिस्तासाठी क्रुसावर मेले. आपल्यापुढे आज कुणी क्रूस उभा करून श्रद्धा सोडायला सांगत नाही. आपली परीक्षा बाजारात होते, लोकलमध्ये होते, वाडीच्या कुंपणापाशी होते, लग्नाच्या मांडवात होते. दुकानदाराने घाईत पन्नास रुपये जास्त परत दिले, ते मुकाट्याने खिशात गेले. पाटीत वर ताजी भाजी लावली आणि खाली कालची दडवली. गाडीत म्हातारी बाई समोर उभी राहिली, तोच आपल्याला झोप लागली. मिस्सा संपवून चर्चच्या आवारात उभे राहिलो आणि कुणाच्या तरी मुलीविषयी ऐकलेली गोष्ट पुढे सांगितली. आता तर त्यासाठी आवारात उभे राहायचीही गरज नाही. मोबाईलवर बोट टेकवले की झाले. प्रत्येक वेळी आपण मनाला एकच उत्तर देतो, “एवढ्याने काय होते?”

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुष्कळ भाविकांचे मन तिच्यामुळे उगाच पोळते. मोह होणे हे पाप नाही. मोह तर प्रभूलाही झाला. पंधराव्या शतकातील भक्त थॉमस ए केम्पिस यांनी मोहाच्या पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. आधी मनात नुसता विचार येतो. मग त्याचे चित्र रंगते. मग त्यात गोडी वाटू लागते आणि शेवटी मन होकार देते. विचार येणे आपल्या हाती नाही, होकार देणे मात्र आपल्या हाती आहे. दारावर थाप पडली म्हणजे पाहुणा घरात आला असे होत नाही. पण एकदा त्याला ओसरीवर बसवून चहा पाजला की बाहेर काढणे जड जाते.

मग लहान मोहाला एवढे महत्त्व का द्यायचे? लहान पापे मोजून त्यांची बेरीज केली की एक मोठे पाप होते, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच हे स्पष्ट केले आहे. शंभर क्षम्य पापांचे मिळून एक घातक पाप होत नाही. पण ती शंभर पापे करणारा माणूस तोच राहत नाही. त्याचे मन त्या बाजूला कलते. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने त्याच्याही कितीतरी शतके आधी सांगितले होते की, न्यायाची कामे करता करता माणूस न्यायी होतो आणि शौर्याची कामे करता करता शूर होतो. खोट्याचेही तसेच आहे. आज पन्नास रुपयांसाठी जो हात मागे येत नाही, तो उद्या पतपेढीची किंवा सोसायटीची तिजोरी हाती आल्यावर अचानक मागे येईल, असे कसे म्हणावे? म्हणूनच लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू थोडक्यात विश्वासू असणाऱ्याचा गौरव करतो.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात आपली आई संत मोनिका हिची एक आठवण लिहिली आहे. मोनिका लहान असताना घरचे तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवीत. पोरखेळ म्हणून ती भांड्याला नुसते ओठ लावी. चवही तिला आवडत नव्हती. पण रोज थोडे थोडे वाढत गेले आणि पुढे जवळजवळ भरलेले पेले ती आवडीने रिचवू लागली. एक दिवस सोबतच्या दासीचे तिच्याशी भांडण झाले आणि दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले. तो शब्द मोनिकेला झोंबला. तिने स्वतःकडे पाहिले आणि ती सवय तिथेच सोडली. दासीने तो शब्द रागाने फेकला होता, पण देवाने त्याचे औषध केले, असे ऑगस्टीन म्हणतात.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. आपल्या मांडवात, बारशाला, वाढदिवसाला कोवळ्या मुलाच्या हाती पहिला पेला कोण देतो? बहुतेक वेळा घरचाच कुणीतरी हसत देतो. “घोटभरच घे, एवढ्याने काय होते?” ज्या घरात आज संध्याकाळ झाली की बायको आणि मुले दाराकडे धास्तीने पाहतात, त्या घरातील माणसानेही कधीतरी घोटभरच घेतली होती. कुंपणाचेही तेच. वीतभर जागेसाठी खांब सरकवला जातो आणि पुढे दोन सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. शांतीचे चिन्ह देताना शेजारच्यांकडे वळतात, एकमेकांकडे पाहत नाहीत. आईच्या मातीला आले तरी बोलत नाहीत. अशी घरे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. त्यातील एखादे कदाचित आपलेच असेल.

तर मग करायचे काय? संत इग्नासी लोयोला हे मुळात सैनिक. 1521 साली पांपलोना येथे तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. ते म्हणत की, सैतान किल्ल्याभोवती फिरणाऱ्या सेनापतीसारखा असतो. तट कुठे कच्चा आहे ते हेरतो आणि तिथेच हल्ला करतो. तेव्हा आपला कच्चा तट ओळखा. कुणाची जीभ कच्ची असते, कुणाचा हात, कुणाचे डोळे. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवस आठवा आणि आज आपण “एवढ्याने काय होते” असे कुठे म्हटले ते पाहा. दुसरे, मोह लपवून ठेवू नका. सैतानाला अंधार आवडतो, हेही इग्नासींचेच सांगणे. विश्वासातल्या माणसाशी बोला, पापनिवेदनाला या. लहान गोष्ट काय सांगायची, असा संकोच धरू नका.

तिसरे, नुसता नकार पुरत नाही. त्या जागी लहानसे सत्कृत्य ठेवा. लिझ्यूच्या संत तेरेजा मठात रुमाल धूत असत, तेव्हा समोरच्या एका भगिनीच्या हातून त्यांच्या तोंडावर घाण पाणी उडे. मागे सरून तोंड पुसावे, म्हणजे तिला कळेल, असा मोह त्यांना झाला. त्यांनी तो आवरला आणि हेही प्रेमाने सोसायचे ठरविले. वयाच्या 24 व्या वर्षी, 1897 साली त्या वारल्या. मठाबाहेर त्यांना फारसे कुणी ओळखत नव्हते. बरोबर शंभर वर्षांनी, 1997 साली, पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले.

या आठवड्यात एकच गोष्ट करू या. जास्त आलेले पैसे परत देऊ. कानावर आलेली गोष्ट आपल्यापाशीच थांबवू. मांडवात मुलाच्या हाती सरबत देऊ. ज्या भावाशी बोलणे तुटले आहे, त्याला वाटेत भेटल्यावर आपण होऊन जय ख्रिस्त म्हणू. एवढ्याने काय होते? एवढ्यानेच सुरुवात होते.

हे प्रभू येशू, अरण्यात तू आमच्यासाठी मोहावर विजय मिळवलास. आमच्या दारावर थाप पडेल तेव्हा आम्हाला जागे ठेव आणि पहिल्याच पायरीवर नाही म्हणण्याचे बळ दे. आमेन.

तुम्हा सर्वांना प्रायश्चित्तकाळाच्या शुभेच्छा व आशीर्वाद.

आपला धर्मगुरू