दुबळा विषाणू आणि कोवळी शरीरे

९ डिसेंबर १९९५ रोजी देशभर पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. सातारा-सांगलीकडेही आया पोरांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पोरांच्या तोंडात पडलेल्या त्या दोन थेंबांत पोलिओचा जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू होता. त्याच वर्षी बॉस्टनच्या संशोधक रूथ रुप्रेख्त यांचा एक प्रयोग छापून आला. त्यांनी माकडांच्या नवजात पिल्लांना तोंडावाटे दुबळा केलेला एसआयव्ही दिला होता. हा एचआयव्हीचा भाऊबंद, माकडांना एड्स करणारा. पिल्लांना एड्स झाला.

धक्का मोठा होता, कारण १९९२ मध्ये रोनाल्ड डेस्रोझियर्स यांच्या गटाने याच वाटेने एचआयव्हीवरच्या लशीची आशा दाखवली होती. एसआयव्हीतले 'नेफ' जनुक काढून तो विषाणू मोठ्या माकडांना टोचला, मग जहाल एसआयव्ही दिला, माकडे तगली. रुप्रेख्त यांच्या विषाणूतून तर नेफसह तीन तुकडे छाटलेले होते. पिल्ले कोवळी होती, मात्रा मोठी होती, अशी टीका झाली. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले की त्याच विषाणूने मोठ्या माकडांनाही एड्स होतो. वेळ काय तो जास्त लागतो.

गोवराच्या लशीतला विषाणू आपले काम करून शरीरातून निघून जातो. एचआयव्हीच्या कुळातला विषाणू पेशीच्या डीएनएतच स्वतःची प्रत गुंफतो. एकदा टोचला की परत घेता येत नाही, आणि प्रती काढता काढता बदलत राहतो. फार दुबळा करावा तर संरक्षणही दुबळे पडते. सिडनीत एकाच रक्तदात्याकडून नेफ बिघडलेला एचआयव्ही काही रुग्णांत गेला होता. ती माणसे वर्षानुवर्षे ठणठणीत होती; पुढे त्यांतल्याही काहींच्या प्रतिकारपेशी घटू लागल्या.

तरीही १९९७ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी दुबळ्या केलेल्या एचआयव्हीची लस स्वतःला टोचून घ्यायची तयारी दाखवली. रोज माणसे मरत असताना थांबणेही जीव घेते, हे त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. एड्सच्या साथीची झळ सांगलीनेही पुरती सोसली. पण ते डॉक्टर धडधाकट, जाणते होते. आपल्याकडे अशी लस अंगात रक्त नसलेल्या बाळंतिणींपर्यंत आणि त्यांच्या तान्ह्यांपर्यंत गेली असती, आणि माकडांत सर्वांत आधी ढासळली ती तान्हीच. म्हणून तेव्हा ती माणसांना न टोचता थांबले, ते योग्यच झाले असे मी ठामपणे म्हणतो.

थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हते. १९९२ पासून मीना शेषू यांच्या 'संग्राम' या संस्थेने सांगलीच्या गोकुळनगरात काम उभे केले. तिथे धंदा करणाऱ्या बायकाच एकमेकींना निरोध पोचवू लागल्या. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचे तर एकटीचे पोट अडते; सगळ्या एक झाल्या तर ते जमते. १९९६ मध्ये त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली.

२००५ मध्ये पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली. त्या लशीत जिवंत एचआयव्ही नव्हताच. दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवर त्याची काही जनुके चढवलेली होती. ती सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती तुटपुंजी निघाली. उद्या कोणी शरीरात मुक्काम करणारी लस घेऊन आले, तर आपल्या नीतिमत्ता समित्यांनी आधी नवजात पिल्लांवरचे निकाल मागावेत, आणि तेही बऱ्याच वर्षांचे.