पडदा फाटला, तर तो कुणाचा भोग?

उतारवयातल्या ओल्या मॅक्युलर डिजनरेशनमध्ये डोळ्याच्या पडद्याखाली नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात. त्यांना आवर घालण्यासाठी डोळ्यात इंजेक्शन देतात आणि त्याने बहुतेकांची नजर टिकते. काही डोळ्यांत मात्र पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर आधीच फुगून उचललेला असतो. औषधाने खालचे जाळे आकसते, थरावर ताण येतो आणि तो फाटतो. फुगवटा जितका उंच, तितका धोका जास्त. तरी उंच फुगवट्याचे कितीतरी डोळे सुखरूप राहतात आणि एखादा थर इंजेक्शनाविनाही फाटतो. ही अनिश्चितता माणसाला सोसत नाही. मग ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे उत्तर पुढे येते. माझ्या मते ते चूक आहे, आणि धर्माच्याच कसोटीवर चूक आहे.

कुणी म्हणेल, बौद्ध परंपरेतच चक्खुपाल थेरांची गोष्ट आहे. पूर्वजन्मी वैद्य असताना त्यांनी एका स्त्रीला आंधळे केले, म्हणून या जन्मी त्यांचे डोळे गेले, असे धम्मपदाची अट्ठकथा, म्हणजे त्यावरचे भाष्य, सांगते. पण त्याच कथेत वैद्याने आडवे होऊन औषध घ्यायला सांगितले होते आणि न निजण्याच्या व्रतामुळे थेरांनी ते बसूनच घेतले, हेही आहे. डोळे जाण्याचे कारण तिथेच दिसते. पूर्वजन्मापर्यंत जायची गरज पडत नाही. शिवाय संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात बुद्ध वेदनेची आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, ऋतुबदल, हेळसांड, आघात अशी. कर्मविपाक हे त्यांतले फक्त एक. सगळेच पूर्वकर्माने घडते म्हणणारे सत्याच्या पलीकडे जातात, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जोखमीचे घटक सांगणे म्हणजे कर्माचा नवा हिशेबच नव्हे का? धूम्रपानाने हा आजार बळावतो, म्हणजे दोष पुन्हा रुग्णाचाच. पण त्याच यादीत वय आहे, आनुवंशिकता आहे. त्यांचा दोष कुणाला देणार? शिवाय जोखीम आधी सांगता येते. पडद्याच्या ओसीटी स्कॅनवर फुगवट्याची उंची मोजून डॉक्टर रुग्णाला त्याच्या भाषेत सावध करू शकतात, पुढची तपासणी लवकर ठेवू शकतात. भोग नेहमी घडून गेल्यावरच सापडतात. त्यांनी दुःखी घराला धीर मिळतो हे खरे, आणि तो धीर मी तुच्छ मानत नाही. पण सगळे भोगांवर ढकलले की खरे कारण तसेच राहते आणि त्याची किंमत दुसराच रुग्ण मोजतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी ही किंमत नेमकी ओळखली होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, कारण त्यामुळे गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याच्या आणि समाजाच्या अंगावरून झटकली जाते. हीच जबाबदारी डोळ्याच्या या उपचारातही दिसते. त्यात सुरुवातीची इंजेक्शने साधारण महिन्याच्या अंतराने घ्यावी लागतात. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूरला येणाऱ्या म्हातारीचे एखादे इंजेक्शन भाड्याअभावी चुकले आणि नजर गेली, तर ती एसटीच्या तिकिटामुळे गेली. ते तिकीट कुणी द्यायचे, हे याच जन्मी ठरवता येते.