उरलेली किंमत कोण भरतो?



मी अमेरिकेत एका सरकारी कार्यालयासाठी आयटीचे काम करतो. काही वर्षांपूर्वी तिथले जुने लॅपटॉप बदलायचे होते. आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता मी तयार केला. एका पुरवठादाराचे लॅपटॉप दुरुस्तीला सोपे होते आणि वापर संपल्यावर ते परत नेण्याची हमी त्याने दिली होती. दुसऱ्याचा दर थोडा कमी होता. मी कमी दराची शिफारस केली. करदात्यांचा पैसा वाचवला, याचे समाधानही वाटले.

पण तो पैसा खरेच वाचला, की खर्च दुसऱ्या कोणावर ढकलला गेला?

टाकून दिलेला संगणक नाहीसा होत नाही. तांब्यासाठी त्याच्या तारा जाळल्या जातात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात. दिल्लीच्या सीलमपूर भागात ई-कचरा फोडण्याचे काम वर्षानुवर्षे छोट्या खोल्यांत चालत आले आहे. धूर आणि शिसे त्या कामगारांच्या अंगात जाते. इतरांची घाण कोणी उचलायची, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तिच्या कचरावेचक सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. स्वस्त दराची उरलेली किंमत भरणारे लोक निविदेच्या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत.

तथागतांनी उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. हा उपदेश विक्रेत्याला आहे. पण घेणारा असल्याशिवाय विक्री होत नाही. प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला हेच शिकवतो. म्हणून सम्यक आजीविकेचा प्रश्न विकत घेणाऱ्यालाही विचारला पाहिजे, आणि सरकारइतका मोठा ग्राहक दुसरा कोण आहे?

या ग्राहकाची ताकद आमच्या क्षेत्राने पाहिली आहे. एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संघीय कार्यालयांना एनर्जी स्टार निकष पाळणारेच संगणक घेण्याचा आदेश दिला. सरकारसाठी एक आणि इतरांसाठी दुसरा संगणक बनवणे उत्पादकांना परवडणारे नव्हते. वापर नसताना आपोआप झोपी जाणारा संगणक घरोघरी पोहोचण्यात त्या आदेशाचा मोठा वाटा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सरकारी पैसा गरिबांच्या शाळा-दवाखान्यांचाही असतो. मग पर्यावरणाच्या नावाने जास्त दर का द्यायचा? सार्वजनिक पैशाबाबत बाबासाहेब काटेकोर होते. १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाचे पद बहुधा सर्वांत महत्त्वाचे असल्याचे म्हटले होते. म्हणूनच हिशेब पुरा मांडावा: खरेदी, वीज, दुरुस्ती आणि विल्हेवाट. तसा मांडला की पुष्कळदा स्वस्त वस्तू स्वस्त राहत नाही. तरीही पर्यावरणपूरक वस्तू महाग पडत असेल, तर ते उघडपणे सांगून निर्णय घ्यावा. कोणाच्या तरी फुप्फुसांवर तो खर्च लपवू नये.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. राणीवशाकडून आनंदांना पाचशे चीवरे मिळाली, तेव्हा राजा उदयनाने विचारले, इतक्या वस्त्रांचे करणार काय? आनंदांनी सांगितले की ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना देऊ. मग जुन्या चीवरांची आच्छादने होतील, पुढे गादीचे अभ्रे, अंथरणे, पायपुसणी, फडकी. आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. दुसऱ्याच्या पैशातून आलेल्या वस्तूचा हिशेब तिच्या शेवटच्या चिंधीपर्यंत द्यायचा असतो.

पुढच्या निविदेच्या तक्त्यात मी दोन रकाने वाढवले: दुरुस्ती आणि विल्हेवाट. बैठकीत वाद झाला आणि एका वर्षाऐवजी आणखी दोन वर्षे जुनेच लॅपटॉप वापरायचे ठरले. आपले मंडळही दानाच्या पैशावर चालते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनासाठी ताटे-पेले मागवताना आपणही हे दोन रकाने भरून पाहू या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!