आप्त कोण? शिक्षकाविना इतिहास शिकताना

जगाच्या इतिहासाची परीक्षा वर्गात न बसता, नुसत्या पुस्तकांच्या बळावर देणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अभ्यासक्रमाच्या लांबीहून अवघड असा एक प्रश्न असतो: वाचलेले खरे कशावरून? भूमितीचे प्रमेय एकट्याला सिद्ध करता येते, रसायनशास्त्रातला प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. १४५३ साली ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदाने कॉन्स्टँटिनोपल जिंकले, हे मात्र कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. तटबंदीचे अवशेष आणि नाणी उरली आहेत, पण त्यांचा अर्थही जाणकारानेच लावून द्यावा लागतो. स्वतंत्र अभ्यास करणारा विद्यार्थी या विषयात पूर्णपणे दुसऱ्यांच्या शब्दावर विसंबलेला असतो.

शब्दावर विसंबून मिळालेल्या ज्ञानाला ज्ञान म्हणावे का, यावर भारतीय दर्शनांत जुना वाद आहे. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडचे काही मानले नाही. त्यांच्या हिशेबाने इतिहासाचे पुस्तक उघडण्यातच अर्थ नाही. वैशेषिक आणि बौद्ध तार्किक यांनी शब्दाला अनुमानाच्या पोटात घातले: वक्ता विश्वासार्ह आहे, म्हणून त्याचे म्हणणे खरे असावे. न्यायदर्शनाने मात्र शब्द हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आणि आप्ताच्या सांगण्याला तो दर्जा दिला. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते, ज्याला विषयाची साक्षात माहिती आहे आणि जी जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना ही एकच कसोटी लागू होते, असेही तो सांगतो. जगाचा इतिहास शिकणाऱ्याला यापेक्षा सोयीचे तत्त्व मिळणे कठीण.

कसोटी सोपी दिसते. लावताना घोळ होतो. मोरोक्कोच्या इब्न बतूताने चौदाव्या शतकात पाहिलेल्या देशांचे वर्णन इब्न जुझय्य याने लिहून घेतले, आणि दमास्कस, मक्का अशा ठिकाणांच्या वर्णनात त्याने आधीच्या इब्न जुबैर या प्रवाशाचा मजकूर घातला. पाहिलेले आणि उचललेले एकाच शाईत उतरले. अशा ग्रंथात प्रवासी आप्त असला तरी प्रत्येक वाक्य आप्तवाक्य ठरत नाही.

परीक्षेसाठी छापलेल्या मार्गदर्शिकांची अडचण याहून मोठी आहे. पौराणिकांनी ‘ऐतिह्य’ नावाचे एक वेगळे प्रमाण मानले होते: मूळ वक्ता ठाऊक नसलेली, पिढ्यानपिढ्या चालत आलेली गोष्ट. या वडावर यक्ष राहतो, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. नैयायिकांनी ऐतिह्याला वेगळे स्थान नाकारले. वक्ता आप्त असेल तर ते शब्दातच येते, आणि तसा निश्चय होत नसेल तर ते प्रमाणच नव्हे. ज्याच्याखाली कुणाचे नाव नाही, कोणत्या कागदाचा आधार नाही, असे मार्गदर्शिकेतले वाक्य वडावरच्या यक्षाच्याच पंगतीला बसते. ते खरे असेलही. पण वाचणाऱ्याला तसे ठरवण्याचे साधन दिलेले नसते.

म्हणून प्रत्येक वाक्यावर अडून बसावे काय? तसे केले तर पहिले प्रकरणही संपणार नाही. इथे मीमांसादर्शनाचे पंडित, म्हणजे मीमांसक, उपयोगी पडतात. कुमारिल भट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाधणारे दुसरे ज्ञान आले किंवा त्याच्या कारणात दोष दिसला, तरच ते टाकावे. नैयायिक उलट म्हणतात की प्रामाण्य बाहेरून, मुख्यतः सफल व्यवहारावरून कळते. परीक्षेत सफल व्यवहार म्हणजे गुण, आणि पूर्ण गुणांनी फार तर एवढेच सिद्ध होते की उत्तर परीक्षकाच्या मताशी जुळले. रोजच्या वाचनाला कुमारिलाची वाटच चालण्याजोगी आहे, बाधक ज्ञानाकडे डोळे उघडे असतील तर.

असे बाधक ज्ञान कसे येते, हे इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाच्या उदाहरणात दिसते. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिल्याचे दानपत्र शतकानुशतके खरे मानले जात होते. १४४० साली वाल्लाने त्यातली लॅटिन चौथ्या शतकाची असूच शकत नाही, हे दाखवले. रोमन सम्राटाच्या दरबारात ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले, हा त्याचा एक टोमणा. वाल्ला तेव्हा पोपशी वैर असलेल्या अरागॉनच्या अल्फोन्सो राजाच्या पदरी होता. त्याचा हेतू निखळ नव्हता, तरी युक्तिवाद टिकला, कारण तो त्याच्या शब्दावर नव्हे तर अनुमानावर उभा होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची गोष्ट याच्या उलट. आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य आपल्या उजव्या हाताला होता, असे फिनिशियन खलाशी सांगत. त्याला ते पटले नाही, तरी त्याने ते लिहून ठेवले. विषुववृत्ताच्या दक्षिणेला पश्चिमेकडे जाताना दुपारचा सूर्य उजवीकडेच दिसतो, त्यामुळे त्याला न पटलेला तपशीलच पुढे त्या सफरीचा सर्वांत बळकट पुरावा मानला गेला.

मराठीत साधनांच्या अशा पारखीचा आग्रह इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी धरला. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापताना त्यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रांना वजन दिले.

मग शिक्षक नसल्याने नेमके काय हुकते? ज्ञानाचा उगम नाही, कारण शिक्षकही वाचलेलेच सांगतो; आणि केवळ आपला गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नये, असे बुद्धाने कालाम लोकांना बजावले होते. हुकते ती उलटतपासणी. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो गप्प राहतो, ही तक्रार प्लेटोने ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडी घातली आहे. एका पुस्तकाला विचारता न येणारा प्रश्न दुसऱ्या पुस्तकापाशी नेणे, एवढाच उपाय एकट्या विद्यार्थ्याकडे असतो, आणि तो वेळखाऊ आहे.

अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची आधुनिक जागतिक इतिहासाची ‘एपी’ परीक्षा वर्ग न करताही देता येते. तिच्या एका प्रश्नात सात साधने समोर ठेवून निबंध लिहायचा असतो, आणि त्यांपैकी काहींचा लेखक कोण, त्याने कुणासाठी व कोणत्या हेतूने लिहिले, हे सांगितल्यास गुण मिळतात. वात्स्यायनाची कसोटी इथे जवळपास जशीच्या तशी विचारली जाते. ते उतारे निवडले कुणी, अनुवाद कितपत नेमका, मूळ मजकुरातले काय गाळले, हे पाहण्याची सोय मात्र परीक्षागृहात नसते. तेवढ्यापुरता परीक्षकालाच आप्त मानावे लागते.