धंदा कोणासाठी?

आमच्या घरातील एखादा मुलगा पक्की नोकरी सोडून धंद्यात पडतो म्हणाला, की आम्ही त्याला दोनच प्रश्न विचारतो : भांडवल किती लागेल, आणि माल खपेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वाडवडिलांनी राखलेल्या वाडीचा तुकडा विकून उभा केलेला पैसा एकदा बुडाला, की पुन्हा उभा राहत नाही. परंतु हा धंदा तू कोणासाठी करणार आहेस, हे आम्ही विचारीत नाही. स्वतःसाठी आणि बायकामुलांसाठी, हे उत्तर इतके गृहीत असते की प्रश्नच सुचत नाही. तरुण मंडळीही जीवनाचे ध्येय शोधतात. पण बहुधा आरशात पाहून.

स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन या डोंगराळ कारखानी गावाची कथा या संदर्भात आम्हाला वारंवार आठवते. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धाने तो मुलूख होरपळून निघाला होता. १९४१ साली होसे मारिया अरिस्मेन्दियारियेता नावाचे पंचविशीतले धर्मगुरू तेथे रुजू झाले. गावातील मोठ्या कारखान्याची शिकाऊ उमेदवारांसाठी एक शाळा होती, पण तिचे दार मोजक्याच मुलांना उघडे होते. ते सर्वांना खुले करावे, ही फादरांची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा गावकऱ्यांच्या वर्गणीतून १९४३ साली त्यांनी स्वतंत्र तंत्रशाळा काढली.

या शाळेतून शिकलेले पाच तरुण पुढे त्याच कारखान्यात चांगल्या हुद्द्यांवर पोहोचले. त्यांना कशाची वाण नव्हती. कामगारांनाही कारखान्याच्या भांडवलात वाटा मिळावा, अशी मागणी त्यांनी केली. नकार मिळाला, आणि ते बाहेर पडले. १९५५ साली गावातील शंभरेक लोकांनी त्यांच्या विश्वासावर पैसे दिले. आणि आपण नेमके बनविणार काय, हे तोवर त्यांचे पक्के ठरलेलेही नव्हते! धंद्याचे शास्त्र शिकविणारे याला वेडेपणा म्हणतील. बाजारात कशाची मागणी आहे हे पाहून माणूस धंदा निवडतो; यांनी कोणाबरोबर आणि कोणत्या नात्याने काम करायचे हे आधी ठरविले. १९५६ मध्ये पाच आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘उल्गोर’ असे नाव देऊन त्यांनी रॉकेलवर चालणाऱ्या शेगड्या बनविण्यास प्रारंभ केला. काम करणारा तोच मालक, दर सभासदाला एक मत, आणि सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या तिपटीहून अधिक नाही, ही तेथील रीत. १९५९ साली त्यांची स्वतःची बँक निघाली. (१९१८ साली वसईत कॅथलिक समाजाने पतपेढीचे जे रोपटे लावले, ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बँकेचे मोल निराळे सांगावयास नको.) एकामागून एक सहकारी कारखाने उभे राहिले. फादरांनी मात्र त्यांपैकी एकाचेही अधिकारपद घेतले नाही. १९७६ साली ते निवर्तले.

येथेच थांबलो तर कथा गोड होईल, पण खरी होणार नाही.

१९७४ मध्ये त्याच उल्गोरमध्ये संप झाला. मालक तेच, संपकरीही तेच! संपाच्या पुढाऱ्यांना सभासदत्वावरून काढण्यात आले, आणि सभासदांच्या सभेने मतदान करून तो निर्णय उचलून धरला. पुढे काही वर्षांनी त्यांना परत येऊ दिले गेले. पण एकमेकांशी बोलणे तोडलेली घरे गावात राहिली असतील, असे आमचे मन म्हणते. हेतू निर्मळ असला म्हणजे हात कठोर होत नाहीत, असे नाही.

उल्गोरचे पुढे ‘फागोर’ झाले. शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे बनविणारा हा कारखाना युरोपभर पसरला. २००८ नंतर स्पेनमध्ये घरबांधणी कोसळली, घरेच उठेनात तर यंत्रे कोण घेणार? कर्ज वाढत गेले. भगिनी संस्थांनी बराच काळ पैसा ओतला, शेवटी हात आखडता घेतला, आणि २०१३ साली फागोर दिवाळखोरीत गेली. ज्या सामान्य लोकांनी आपली पुंजी तिच्या रोख्यांत गुंतविली होती, त्यांचे मोठे नुकसान झाले. सद्हेतूला बाजार सवलत देत नाही, हे पुन्हा एकदा दिसले.

मात्र बहुतेक कामगार सभासद रस्त्यावर आले नाहीत. कोणाला दुसऱ्या सहकारी कारखान्यात जागा मिळाली, कोणाला मुदतीपूर्वी निवृत्ती. सत्तावन्न वर्षांपूर्वी विचारलेल्या ‘कोणासाठी’ या प्रश्नाचे उत्तर त्या पडझडीत शाबूत होते. साध्या कंपनीचे दिवाळे निघते तेव्हा असे घडत नाही. म्हणून आम्ही या धंद्याला अपयशी म्हणावयास धजत नाही.

तरीही एक काटा सलतो. फागोरचे कारखाने फ्रान्समध्येही होते, पोलंडमध्येही होते. तेथील कामगार निव्वळ पगारी नोकर होते. त्यांना मत नव्हते, भाग नव्हता, आणि भगिनी संस्थांत त्यांच्यासाठी जागाही नव्हती.

आमच्या मुलांच्या गाळ्यांत आज परप्रांतांतून आलेली पोरे काम करतात. त्यांची नावे आम्हाला ठाऊक असतात, गावे क्वचितच.