संस्कारवर्ग कुणासाठी?

प्रश्न : पंचवटीत आमच्या सोसायटीत मी दर रविवारी मुलांचा संस्कारवर्ग घेते. रामरक्षा, मनाचे श्लोक, गोष्टी, शेवटी खाऊ. वॉचमनची दोन मुलं दाराशी उभी राहून ऐकतात. धाकटीची निम्मी रामरक्षा पाठ झाली आहे. त्यांना आत बसवलं तर काही पालक आपली मुलं पाठवणार नाहीत, असं कानावर आलंय. वर्गच बंद पडला तर? — एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, त्यांना आत बसवा. चारच मुलं उरली तरी वर्ग चालू ठेवा. दाराशी उभ्या असलेल्या त्या दोघांना आतली मुलं दर रविवारी बघतात. देव आपला आहे, त्यांचा नाही, हे तुम्ही न शिकवताच ती शिकताहेत.

तुमच्या घराजवळच काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी तिथं दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला; दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं पुढं चालवला. तरी दार उघडलं नाही. अडवणाऱ्यांत रामरक्षा तोंडपाठ असलेले काही कमी नसतील. सत्याग्रह चालू असतानाच, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते आणि आई श्यामला ती तिच्या डोक्यावर द्यायला पाठवते. घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. रिवाज तिनं मोडला नाही, पण लेकराला घरात थांबवूनही घेतलं नाही. नव्वद वर्षांनंतर आपण तरी त्या आंघोळीपाशी अडून राहू नये.

मात्र आधी मुलांच्या आईला विचारा. वाद झाला तर नोकरी जाईल ती तिच्या नवऱ्याची, तुमचं काही जाणार नाही. म्हणून पालकांशी तुम्हीच बोला. मीटिंगमध्ये नको, एकेकाच्या घरी जा, चहा घ्या आणि निर्णय माझा आहे, असं स्पष्ट सांगा. कमिटीनं हॉल नाकारला तर पार्किंगमध्ये सतरंजी टाका.

आणि एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. सतरंजी कोण झटकतं, खाऊच्या ताटल्या कोण उचलतं? हे काम दर रविवारी त्या दोघांकडेच गेलं, तर ती अजून दाराशीच आहेत. पाळ्या लावा; वर्गात तुमची नातवंडं असतील, तर पहिली पाळी त्यांची. धाकटीला जेवढी रामरक्षा येते, तेवढी सगळ्यांसमोर म्हणू द्या.