वाट, वाटा आणि वाटणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



अवधूताच्या चोवीस गुरूंची नावं आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतील. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत ती सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र असे थोर थोर गुरू त्यात आहेत, आणि त्याच पंगतीला एक लहान मूलही बसलेलं आहे. मूल कशासाठी गुरू? त्याला मानापमान नसतो, घरादाराची चिंता नसते, ते आपल्याच आनंदात असतं. मला यात आणखी एक भर घालावीशी वाटते. मुलाला कागदपत्रं कळत नाहीत, म्हणून त्याला कागदाआडचं माणूस चटकन दिसतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसं साताऱ्याहून औदुंबर, तिथून सांगली आणि पुढे नरसोबाची वाडी अशी यात्रा करून आलो. मी, सौभाग्यवती, दोन्ही मुलं, थोरली सून आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. या नातीने वाटेत जे प्रश्न विचारले, त्यांतले बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरत होते. आपल्याकडे जे आहे ते कुणाचं, आणि वाटायचं म्हणजे नक्की काय करायचं? आपल्या वयाच्या गृहस्थाश्रमी माणसांना हाच प्रश्न सतावत असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

शिदोरी

गाडी असूनही आम्ही मुद्दाम रेल्वेने निघालो. पॅसेंजरने जायचं म्हणजे कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी अशी स्टेशनं मोजत भिलवडीला उतरायचं. नातीला पाट्या वाचायची हौस. बरोबर धपाटी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि बेसनाचे चौदा लाडू. कोरेगाव सोडल्यावर डबा उघडला आणि वाटप नातीकडे दिलं. तिने माणसं मोजली ती सात. सुनेने सांगितलं, "अगं, आपण सहाच आहोत." तर म्हणाली, "सांगलीला आत्या आहे ना!" प्रत्येकी दोन लाडू झाले आणि आत्याचे दोन कागदात बांधून बाजूला राहिले. मग समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलाला घेऊन बसल्या होत्या, त्या मुलाला नातीने एक लाडू दिला. तो तिच्या स्वतःच्या दोनातला होता.

इकडे माझ्या दोन्ही मुलांचं शेतीविषयी बोलणं चाललं होतं. कोरेगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. मी आता बहात्तर वर्षांचा. माझ्या डोळ्यांदेखत वाटणीपत्र व्हावं अशी मुलांची इच्छा, आणि त्यात गैर काही नाही. धाकटा म्हणाला, "सांगलीला जातोच आहोत तर ताईच्या हक्कसोड पत्राचंही बोलून घेऊ." नातीने कान टवकारले. "हक्कसोड म्हणजे काय?" थोरल्याने सांगितलं, "आत्याने लिहून द्यायचं, की मला शेतातलं काही नको." नातीने बाजूच्या पुडीकडे पाहिलं आणि विचारलं, "लाडवात आत्याचा वाटा आहे, मग शेतात का नाही?"

कुणी उत्तर दिलं नाही. रहिमतपूर आलं, चहावाला आला, विषय बदलला. पण प्रश्न काही उतरला नाही, तो आमच्याबरोबर भिलवडीपर्यंत आला.

घेवड्याचा वेल

औदुंबर आपल्याला नवं नाही. श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनी इथे एक चातुर्मास केला. पैलतीरावर भुवनेश्वरी, ऐलतीरावर पादुका आणि मधून शांत वाहणारी कृष्णामाई. महाबळेश्वरहून निघालेली ही नदी वाई, माहुली करत, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेत इथे येते, पुढे सांगलीवरून वाडीला जाऊन पंचगंगेला भेटते. घाटावर बसून नातीला गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली अमरापूरची गोष्ट सांगितली.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गरीब ब्राह्मण. कोरान्न मिळालं तर मिळालं, नाहीतर दारातल्या घेवड्याच्या वेलाच्या शेंगा शिजवून खायच्या. महाराज भिक्षेला आले, त्या दिवशी घरात शेंगांशिवाय काही नव्हतं. त्यांनी तीच भाजी घेतली आणि जाताना वेल उपटून टाकला. बायको रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली, की साधूला बोल लावू नये, ज्याने जन्म दिला तो अन्नही देईल. मग वेलाचं मूळ काढायला त्याने खणलं, तर खाली द्रव्याने भरलेला हंडा.

मोठी माणसं इथे हात जोडतात. नातीने विचारलं, "हंडा सापडला नसता तर?"

मी बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं पारायणं केली, पण या प्रश्नाच्या उजेडात गोष्ट वेगळी दिसली. ब्राह्मणाने बायकोची समजूत घातली ती हंडा सापडण्याच्या आधी. म्हणजे त्याची श्रीमंती आधीची, हंडा नंतरचा. आणि दुसरं म्हणजे त्याने वाढलं ते आपल्या घरचं, आपल्या तोंडचं. शेजाऱ्याच्या वेलाच्या शेंगा तोडून त्याने गुरूला भिक्षा घातली नाही. तशी घातली असती तर तिला भिक्षा म्हणता आलं असतं का?

नात एवढ्यावर थांबली नाही. "पण वेल त्या बाईंचा पण होता ना? मग त्यांना रडू येणारच." खरं आहे. त्या माउलीला आपण आजवर अविश्वासाच्या खात्यात टाकत आलो. पण संसाराची चूल ज्याला पेटवावी लागते त्याला वेलाची किंमत जास्त कळते. घरातलं काही द्यायचं तर ते घरातल्या सगळ्यांचं असतं, हे विसरून केलेल्या उदारपणात कुणाचं तरी रडू लपलेलं असतं.

पाच घरं

दत्तप्रभू स्वतः नित्य वाटचाल करणारे. स्नान काशीला, भिक्षा करवीरात, निद्रा माहूरगडावर अशी आपली श्रद्धा. सगळं विश्व ज्यांचं, त्यांच्या खांद्याला झोळी. नातीला याचं नवल वाटलं. "देव आहे तर मागतो कशाला? आणि एकाच घरी पोटभर का नाही जेवत?"

याचं उत्तर मधुकरी या शब्दातच आहे. मधुकर म्हणजे भुंगा. तो प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेतो, फुलाला इजा होत नाही. पाच घरची भिक्षा घेतली की एकाही घरावर भार पडत नाही, आणि "मी एकट्याने जेवू घातलं" हा ताठाही कुणाला राहत नाही. गाणगापूरला आजही माध्यान्ही मधुकरी मागतात. तिथे बंगल्यात राहणारा माणूसही झोळी घेऊन उभा राहतो, आणि तोच माणूस दुसऱ्याच्या झोळीत भाकरी वाढतो. देणारा आणि मागणारा हे दोन वेगळे वर्ग नाहीत, हे तिथे हातांना कळतं.

चोवीस गुरूंतच मध गोळा करणाराही आहे. माशा कष्टाने मध साठवतात, स्वतः खात नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत, आणि एके दिवशी तो येऊन सगळं पोळं घेऊन जातो. साठवणाऱ्याची गत काय होते हे सांगायला अवधूताला एवढं एक उदाहरण पुरलं. शिदोरीचंही तसंच आहे. वाटेत वाटून खाल्ली तर तिचं जेवण होतं, जपून परत आणली तर धपाट्यांना बुरशी येते. रस्त्यालाही आपण वाट म्हणतो आणि देण्यालाही वाटणं म्हणतो. व्युत्पत्ती सांगणारे काय म्हणतील ते म्हणोत, नातीला या दोन शब्दांची मोठी गंमत वाटली, आणि मलाही.

लक्ष्मीबाईंचे दागिने

आपल्या साताऱ्यातलंच एक उदाहरण देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सर्व जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. कर्मवीर संस्थेच्या कामासाठी गावोगाव फिरत आणि इकडे मुलांची चूल सांभाळीत लक्ष्मीबाई. धान्य संपलं, पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी एकेक करत अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या.

त्यांनी दिलं ते स्त्रीधन होतं, म्हणजे सर्वस्वी त्यांचं स्वतःचं. ते दुसऱ्या कुणी मागून, गळ घालून, सही घेऊन सोडवलेलं नव्हतं. म्हणून त्याला दान म्हणायचं. आणि कर्मवीरांचा मुष्टिफंड आठवा. घरोघरी दळणाच्या वेळी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढायचं. मधुकरीचीच ही दुसरी तऱ्हा. मूठ लहान, म्हणून कुणालाही जड नाही, आणि सगळ्यांची, म्हणून मुलं जेवली.

आधी मोजून, मग न मोजता

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नातीने गाडीत दोन कामं केली होती आणि दोन्ही वेगळी होती. आधी तिने मोजून वाटे घातले, हजर नसलेल्या आत्याचासुद्धा. मग स्वतःच्या वाट्यातून, न मोजता, अनोळखी मुलाला दिलं. पहिला न्याय, दुसरं दान. आपली गफलत होते ती क्रम उलटा केल्यामुळे. बहिणीचा वाटा तिला न विचारता स्वतःकडे ठेवायचा आणि त्यातून तिला भाऊबीजेला साडी घ्यायची, देवाला अभिषेक करायचा, याला दान कसं म्हणावं? ते दुसऱ्याच्या डब्यातला लाडू वाटण्यासारखं झालं.

कायद्याने तर हे कधीच स्पष्ट केलं आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. पण मी इथे कायदा सांगायला बसलो नाही. धर्म काय, हा आपला प्रश्न.

मंडळी तीन गोष्टी म्हणतात, त्यांत तथ्य किती ते पाहू. एक, "लग्नात केलं की तिचं." लग्न मुलांचंही केलं, शिक्षणही केलं, ते कुणी त्यांच्या वाट्यातून वजा करत नाही. दोन, "जमिनीचे तुकडे पडतील." ही अडचण खरी आहे, साडेतीन एकरांचे किती भाग करणार? पण कसणाऱ्याने कसावं आणि उत्पन्नाचा हिस्सा पोचवावा, किंवा तिच्या वाट्याची किंमत द्यावी, असे मार्ग आहेत. ते दोन मालकांनी बसून ठरवायचे असतात, आणि त्यासाठी आधी तिला मालक मानावं लागतं. तीन, "नात्यात वितुष्ट येईल." ज्या नात्यात एकानेच कायम सोडायचं, ते नातं सोडणाऱ्याच्या सहनशीलतेवर उभं असतं. त्याला आपण गोडवा म्हणतो, एवढंच.

यावर कुणी विचारेल, बहिणीने आपखुशीने सोडलं तर? तर नमस्कार करावा. किती आहे हे तिला समजावून सांगितलं, "घे" म्हटलं, आणि मग ती म्हणाली "दादा, तू ठेव", तर ते तिचं दान, लक्ष्मीबाईंच्या जातीचं. पण तिला गृहीत धरून कागद पुढे केला तर ती आपली उचल. सही दोन्हीकडे सारखीच दिसते, मोल सारखं नाही.

सांगलीला मुलीच्या घरी दोन्ही मुलांसमोर मी हे बोललो. वाटणीपत्रात तिचा वाटा भावांच्या बरोबरीने लिहिला जाईल, पुढे त्याचं काय करायचं ते तिने ठरवायचं. धाकटा थोडा गप्प झाला. त्याचा संसार त्याच शेतावर आहे, त्याची काळजी मला समजते. थोरल्याने मान हलवली. मुलगी म्हणाली, "बाबा, मी विचार करून सांगते." तिने "नको" म्हणण्याची घाई केली नाही याचं मला समाधान वाटलं. हिशेब अजून पुरता मिटलेला नाही, धाकट्याशी दोन-तीनदा बसावं लागेल. पण तो उघड्यावर आला आहे, आणि उघड्यावरचा हिशेब घर मोडत नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळाचा पाळणा हलेल, महाप्रसादाची पंगत बसेल. त्या पंगतीत वाढपी कुणाचं पान चुकवत नाही, उशिरा येणाऱ्यासाठीही ताट राखून ठेवतो. हीच रीत घरी न्यावी, एवढंच मागणं. दानपेटीत हात घालण्याआधी प्रत्येकाने एकदा मनाशी विचारावं, की यात कुणाचा राहिलेला वाटा तर नाही ना? ज्याचा त्याला पोचता करावा. मग उरेल त्यातली एक मूठ, न मोजता, झोळीत घालावी. तेवढी मूठ महाराज नक्की गोड करून घेतील.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!